हत्यारांची पेटी

तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाच्या आसपास दुचाकी वाहने दुरुस्त करणारी दोनतीन गॅरेजे बहुधा असतातच. सकाळी अशा एखाद्या गॅरेजासमोर क्षणभर उभे राहिले, तर एक गंमत दिसते. उस्ताद मोटारसायकलीपाशी उकिडवा बसलेला असतो. त्याचे डोळे यंत्रावरून हलत नाहीत, तो नुसता हात मागे करतो आणि म्हणतो, “बारा-तेरा!” मागे उभा असलेला नवशिका तत्काळ एक पाना त्याच्या हातात ठेवतो. थोड्या वेळाने “दहा-अकरा!” अशी हाक येते आणि दुसरा पाना पुढे होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावे, येथे पाढे म्हणण्याचा काही खेळ चालला आहे.

हे आकडे म्हणजे पान्यांची नावे होत. दुतोंडी पान्याचा एक जबडा १२ मिलिमीटर रुंद असतो आणि दुसरा १३ मिलिमीटर. म्हणून तो ‘बारा-तेरा’. याच रीतीने सहा-सात, आठ-नऊ, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस असे हे कुटुंब वाढत जाते. अनुभवी मेकॅनिक नटाकडे पाहताच त्याचा आकडा सांगतो. नवशिक्याला मात्र दोन-तीन पाने लावून पाहावे लागतात.

उस्तादाजवळ पत्र्याची एक जुनी पेटी असते. तिच्यात पाने, पकडी, पेचकस, हातोड्या, कानशी, छिन्न्या आणि ज्यांची नावे चटकन सांगता येणार नाहीत अशी कितीतरी हत्यारे दाटीवाटीने पडलेली असतात. ही पेटी एका दिवसात भरलेली नसते. तिला पंधरा-वीस वर्षे लागलेली असतात. नवशिक्याजवळ पेटी नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तो एक-दोन वर्षे शिकलेला असतो. तेथील शेगड्यात लोखंड आवळून त्याने कानस चालविलेली असते, इंजिन खोलून पुन्हा जोडलेले असते. परंतु ती सारी हत्यारे संस्थेची. बाहेर पडल्यावर त्याचे स्वतःचे म्हणावे असे काही नसते. पहिला पगार हाती आला, की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: आधी काय घ्यावे?

बाजारात या प्रश्नाचे एक फसवे उत्तर तयार असते. चकचकीत डब्यात ओळीने मांडलेली शंभर-सव्वाशे हत्यारे, आणि किंमत पाहावी तर आश्चर्यकारक रीतीने कमी! तरुणाचा हात साहजिकच तिकडे वळतो. पण त्या डब्यातील निम्मी हत्यारे त्याच्या कामात वर्षानुवर्षे लागायची नसतात, आणि जी लागतात ती मऊ पोलादाची असल्यामुळे महिन्याभरात वाकतात किंवा झिजतात. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण जणू या डब्यासाठीच केली असावी. जाणते मेकॅनिक दुसरी रीत सांगतात. जे काम रोज करावे लागते, त्या कामाचे हत्यार प्रथम घ्यावे, आणि ते चांगले घ्यावे. एखादे हत्यार शेजाऱ्याकडून एकदा मागून आणले तर हरकत नाही. दुसऱ्यांदा मागावे लागले, तर ते आपल्या पेटीत हवे असे समजावे.

ही रीत इतकी काटेकोर का, हे कळण्यासाठी एक साधा नट नीट पाहिला पाहिजे.

नटाला सहा बाजू असतात आणि सहा कोपरे असतात. मेकॅनिकचे सारे यश या सहा कोपऱ्यांवर अवलंबून असते, असे म्हटले तरी चालेल. कोपरे शाबूत असतील तोवर नट फिरतो. ते झिजून गोल झाले, की पाना त्यावरून घसरू लागतो. मग तोच नट काढण्यासाठी छिन्नी आणावी लागते, कधी वेल्डिंग करणाऱ्याकडे धाव घ्यावी लागते, आणि पाच मिनिटांच्या कामाला दोन तास लागतात. पाना जेव्हा अचानक घसरतो, तेव्हा त्यामागे लावलेला सारा जोर कोठे तरी जायचाच. तो हाताच्या बोटांसह समोरच्या लोखंडावर जाऊन आदळतो. जुन्या मेकॅनिकांच्या बोटांच्या पेरांवर जे पांढुरके व्रण दिसतात, त्यांतले बरेचसे असेच उमटलेले असतात. म्हणूनच शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात, की पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ढकलणे भागच पडले, तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावा.

आता पान्याकडे वळू. ज्याचे तोंड उघडे असते, तो पाना नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. जोर वाढला, की त्याचा जबडा किंचित फाकतो आणि कोपऱ्यावरून सरकू पाहतो. रिंग पान्याचे तसे नाही. त्याचे तोंड बांगडीसारखे बंद असते, आणि ते नटाला चोहोबाजूंनी वेढून सहाही कोपऱ्यांवर भार वाटून देते. म्हणून घट्ट बसलेला नट प्रथम रिंग पान्याने सैल करावा, आणि मग उघड्या पान्याने भरभर फिरवून काढावा, असा क्रम आहे. एकाच आकाराचे दोन प्रकारचे पाने पेटीत का लागतात, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. काही पान्यांना एका टोकाला उघडे तोंड आणि दुसऱ्या टोकाला रिंग अशी दोन्ही साधने एकाच आकाराची असतात. ज्याच्याजवळ पैसे थोडे आहेत, त्याने आरंभ अशा पान्यांनी करावा हे उत्तम.

उघड्या पान्यात आणखी एक बारकावा आहे आणि तो फार मजेचा आहे. घरी एखादा पाना असेल, तर तो टेबलावर सपाट ठेवून पाहा. त्याचे तोंड दांड्याच्या सरळ रेषेत नसते. ते एका बाजूला थोडे कललेले असते. हा कल साधारणपणे १५ अंशांचा असतो. पाना बनविणाऱ्याच्या हातून ही चूक झालेली नाही. नटाच्या सहा बाजू म्हणजे ३६० अंशांचे सहा भाग. प्रत्येक भाग ६० अंशांचा. तोंड सरळ असते, तर नटाची पुढची जोडी धरण्यासाठी पाना दर वेळी ६० अंश फिरवावा लागला असता. इंजिनाच्या अडचणीच्या जागेत एवढी मोकळीक कोठून मिळणार? पण तोंड १५ अंशांनी कललेले असल्यामुळे पाना ३० अंश फिरवावा, काढावा, उलटा करावा आणि पुन्हा बसवावा. कल आता विरुद्ध दिशेला गेल्यामुळे पुढची पकड तेथेच मिळते. अशा रीतीने ज्या फटीत ३० अंशच जागा आहे, त्या फटीतूनही नट निघतो. कागदावर षट्कोन काढून आणि पुठ्ठ्याचा पाना कापून हा प्रयोग वर्गातसुद्धा करता येईल. भूमितीच्या पुस्तकातील कोन लोखंडात कसा उतरतो, हे पाहण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

नट खोल खड्ड्यात बसलेला असला, तर मात्र दोन्ही पाने हात टेकतात. तेथे गोटी पाना लागतो. गोटी म्हणजे पोलादाची एक लहानशी वाटी. तिच्या एका तोंडात नट बसतो आणि दुसऱ्या तोंडातील चौकोनी भोकात दांडा अडकतो. दांडा एकच, गोट्या पुष्कळ. ही कल्पना आज अगदी साधी वाटते. पण एकेकाळी प्रत्येक गोटी तिच्या दांड्याला कायमची जोडलेली असे, आणि मेकॅनिकला दांड्यांचा भारा वाहावा लागे. १९२० साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जोसेफ जॉन्सन नावाच्या गृहस्थाने अदलाबदल करता येणाऱ्या दहा गोट्या आणि पाच निरनिराळे दांडे यांचा संच पुढे आणला. दहा आणि पाच यांचा गुणाकार मुलांना सांगावयास नको. पन्नास पान्यांचे काम पंधरा नगांत होऊ लागले. नव्या मेकॅनिकने पान्यांनंतर गोट्यांचा लहानसा संच घ्यावा तो यासाठीच; थोड्या पैशांत पुष्कळ जागा गाठता येतात.

ज्याचा जबडा मळसूत्राने लहानमोठा करता येतो, असा स्क्रूपाना मग सर्वांत उपयुक्त नव्हे काय, असे कोणी विचारील. स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन याने १८९२ साली अशा पान्याच्या सुधारलेल्या रचनेचे पेटंट घेतले, आणि तो पाना जगभर गेला. नळ दुरुस्त करणाऱ्याच्या, शेतावरील पंप बसविणाऱ्याच्या पिशवीत तो हवाच. पण त्याचा एक जबडा हलता असल्यामुळे नटावर तो थोडा ढिला राहतो. मोटारसायकलीच्या नाजूक नटावर जो मेकॅनिक स्क्रूपाना लावतो, त्याच्या हाती आपले वाहन देताना जाणता गिऱ्हाईक जरा विचार करतो!

पान्याच्या आकड्यांमागे एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे नटबोल्ट करी. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. यंत्र बिघडले, की ते ज्याने केले त्याच्याच दारी जावे लागे. जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअराने १८४१ साली सर्वांसाठी एकच आट्यांची पद्धत सुचविली आणि हळूहळू ती रूढ झाली. ही मापे अर्थातच इंचांत होती. भारतात दशमान वजनामापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढे मिलिमीटर रूढ झाले. परंतु यंत्रे काही कायद्याबरोबर बदलत नाहीत. जुन्या जीपगाड्या अमेरिकी इंची मापांच्या, तर १९५५ पासून मद्रासला जोडल्या जाऊ लागलेल्या बुलेट मोटारसायकली मूळ इंग्रजी बनावटीच्या. अशा गाड्या अजूनही कोणी हौसेने, कोणी गरजेने सांभाळून असतात.

येथे नवशिक्याची परीक्षा होते. जुन्या जीपवरील अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ नंबरचा पाना त्यावर बसतो. नव्हे, चांगला बसल्यासारखा वाटतो. फरक अवघा ०.३ मिलिमीटरचा, तीन कागदांच्या जाडीएवढा. नट सैल असेल तर तो निघूनही येतो, आणि नवशिक्याला वाटते, चालले. पण गंजून घट्ट झालेल्या नटावर तोच पाना लावून जोर केला, की त्या तीन कागदांच्या फटीतून सहा कोपरे निसटतात. व्हिटवर्थच्या पान्यांची तर तऱ्हाच निराळी. त्यांवरील आकडा जबड्याची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. पाव इंच असे लिहिलेल्या पान्याचा जबडा प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटरच्या आसपास असतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो आकडा वाचून फसतो; ज्याला ठाऊक आहे, तो पाना नटाला लावून पाहतो आणि हलतो का ते तपासतो.

मग पाना चांगला की वाईट हे ओळखावे कसे? चकाकीवरून नव्हे. चकाकी हा वरचा मुलामा असतो; त्याने गंज थांबतो, बळ येत नाही. चांगला पाना पोलाद तापवून, साच्यात घण घालून घडविलेला असतो, आणि नंतर त्याला पाणी दिलेले असते. म्हणजे तो ठरावीक तापमानापर्यंत तापवून निववितात आणि पुन्हा थोडा तापवून त्याचा ठिसूळपणा काढून टाकतात. पोलादात क्रोमियम व व्हॅनेडियम हे धातू अल्प प्रमाणात मिसळले, तर ते अधिक चिवट होते. भारतात पंजाबातील जालंधर हे हातहत्यारांचे मोठे केंद्र आहे, आणि महाराष्ट्रात नाशिकलाही पाने घडविणारा कारखाना आहे. खात्रीच्या दुकानातून घेतलेला देशी पाना नीट सांभाळला तर आयुष्यभर टिकतो. उस्तादाच्या पेटीतील सर्वांत काळवंडलेला पाना उचलून पाहावा. त्याचा जबडा अजूनही नटावर टिच्चून बसतो.

पेचकसाविषयी थोडेच सांगावयाचे आहे, कारण त्याचा दुरुपयोग सर्वांना ठाऊक असतो. डबा उघडायला पेचकस, भोक पाडायला पेचकस, छिन्नी म्हणून पेचकस! असे केल्याने त्याची धार गोल होते, आणि मग ज्या कामासाठी तो घेतला, तेच काम होत नाही. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेतील हेन्री फिलिप्स याच्या पेटंटांमुळे १९३६ नंतर प्रसिद्ध झाला. त्यात पेचकस आपोआप मध्यभागी बसतो, हा गुण. आणि जोर वाढला की वर सरकून बाहेर येऊ पाहतो, हा अवगुण. भारतात १९८० नंतर जपानी बनावटीच्या मोटारसायकली आल्या. त्यांवरील फुलीच्या खाचा दिसायला तशाच, पण आकाराने किंचित निराळ्या. तेथे साधा फुलीचा पेचकस लावून जोर केला, की स्क्रूचे डोके खरवडून निघते. नवशिक्याने निदान तीन पेचकस घ्यावेत: एक चपटा, एक फुलीचा मध्यम, एक फुलीचा मोठा. जाम बसलेल्या स्क्रूसाठी हातोडीचा ठोका बसला की फिरणारा एक जाड पेचकस मिळतो. पण तो गॅरेजात एक असला तरी पुरे.

ठोकण्याकापण्याच्या हत्यारांत धोका डोळ्यांना असतो. छिन्नीच्या डोक्यावर हातोडी बसून बसून ते कुत्र्याच्या छत्रीसारखे पसरते, आणि त्याच्या कडा चिरफळतात. पुढच्या एखाद्या ठोक्याला त्यातलीच एक कपची बंदुकीच्या गोळीसारखी उडते. म्हणून पसरलेले डोके सहाणेच्या चाकावर घासून पूर्ववत करावे आणि ठोकताना चष्मा लावावा. कानशीला मूठ बसविल्याशिवाय ती हाती धरू नये. तिचे टोकदार शेपूट तळव्यात घुसते. कानस फार कठीण असते, पण तितकीच ठिसूळही असते. तिच्यावर हातोडी मारली तर ती काचेसारखी फुटते. चष्मा हे हत्यार नव्हे, असे समजून तो बहुतेक जण शेवटी घेतात. खरे तर तो पहिल्या पगारातच घ्यावयास हवा.

मापाची हत्यारे नवशिक्याला प्रथम अनावश्यक वाटतात. “हाताला कळते,” असे तो म्हणतो. हाताला पुष्कळ कळते हे खरे. पण इंजिनातील झडप आणि तिला ढकलणारा भाग यांत जे अंतर ठेवावे लागते, ते लहान मोटारसायकलींत ०.०५ ते ०.१ मिलिमीटर इतके, म्हणजे कागदाच्या एका पानाहूनही बहुधा कमी असते. गॅरेजात याला टॅपेट लावणे म्हणतात. अंतर जास्त राहिले तर टिकटिक आवाज येतो. कमी राहिले तर इंजिन तापल्यावर झडप पुरती मिटत नाही आणि हळूहळू जळते. आवाज येत नाही म्हणून मालक खूश असतो, आणि इंजिन आतून बिघडत असते. फिलर गेज नावाच्या पातळ पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याने हे अंतर मोजतात. ते जुडगे खिशात मावते आणि फार महागही नसते.

महाग असतो तो टॉर्क पाना. नट किती जोराने आवळला हे तो दाखवितो. त्याची गरज कळण्यासाठी थोडे गणित करू. मोटारसायकलीवर ६ मिलिमीटर जाडीचे बोल्ट पुष्कळ असतात. त्यांना १० नंबरचा पाना लागतो. असा बोल्ट सुमारे १ किलोग्रॅम-मीटर पिळाने आवळावा लागतो, म्हणजे १ मीटर लांब दांड्याच्या टोकाला १ किलोचे वजन टांगले असता जेवढा पीळ बसेल तेवढा. १० नंबरचा पाना समजा १२ सेंटिमीटर लांब आहे आणि हाताचा जोर ८ किलोंइतका आहे. ०.१२ गुणिले ८ म्हणजे ०.९६, बोल्ट बरोबर आवळला गेला. आता त्याच हाताने, त्याच जोराने ३० सेंटिमीटर लांब दांडा वापरला, तर ०.३ गुणिले ८ म्हणजे २.४. हाताला काहीच निराळे जाणवले नाही, पण बोल्टवर अडीचपट पीळ बसला, आणि तो तुटला. लहान नंबराचे पाने आखूड आणि मोठ्या नंबराचे लांब का असतात, हे यावरून ध्यानात येईल. पान्याला पाइप जोडून त्याची लांबी वाढविणाऱ्या नवशिक्याच्या हातून उस्ताद पाइप काढून घेतो, तो कंजूषपणाने नव्हे. तुटलेला बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात अडकून बसला, तर तो काढण्याचा खर्च नवशिक्याच्या पगारातून भागणारा नसतो.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. मागच्या चाकाच्या आसाचा नट कमी आवळला गेला, किंवा ब्रेकच्या पट्टीचा बोल्ट बसवून त्याची पिन घालायची राहिली, तर गॅरेजात काहीच कळत नाही. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातो. त्याच्या मागे त्याची मुलगी शाळेचे दप्तर घेऊन बसलेली असते. पुढे घाटाच्या उतारावर काय होईल, ते त्या नटावर अवलंबून असते. काम संपल्यावर उस्ताद प्रत्येक नटाला पुन्हा एकदा पाना लावून पाहतो आणि मगच हात पुसतो, त्याचे कारण हे आहे.

काही हत्यारे मात्र स्वतःची घेण्याची घाई करू नये. चाकासारखा फिरणारा मॅग्नेट ओढून काढण्याचा पुलर घ्या. तो निरनिराळ्या गाड्यांना निरनिराळा लागतो. अशी हत्यारे गॅरेजाची म्हणून एकेकच असतात आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली असतात. चांगल्या गॅरेजात प्रत्येक खिळ्याखाली त्या हत्याराचा आकार रंगाने काढलेला असतो. संध्याकाळी दुकान बंद करताना रिकामा आकार दिसला, की कोणते हत्यार हरवले ते विचारावे लागत नाही. विमाने दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळांत तर हा नियम फार कडक असतो. तेथे प्रत्येक पान्यावर खूण कोरलेली असते आणि कामापूर्वी व कामानंतर मोजदाद होते. एक पेचकस जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान उडू देत नाहीत. कारण तो विमानाच्या आत राहिला असेल, तर आकाशात तो शोधता येत नाही. गावातील गॅरेजात एवढी कडक शिस्त नसेल. पण इंजिनात चिंधी विसरण्याचे प्रकार तेथेही घडतात, आणि संध्याकाळी पेटी मोजणाऱ्याच्या हातून ते कमी घडतात.

पेटी सांभाळणे फारसे कठीण नाही. रात्री हत्यारे फडक्याने पुसावीत, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवावा, पान्यावर आपले नाव किंवा खूण कोरावी. नाव कोरल्याने चोरी थांबते असे नाही, पण भांडण थांबते. दुसऱ्याचा पाना आणला असेल तर तो पुसून परत करावा, आणि आपल्या हातून मोडला असेल तर न मागता नवा आणून द्यावा. गॅरेजात माणसाची पत यावरून ठरते, त्याच्या बोलण्यावरून नव्हे.

गेल्या काही वर्षांत पेटीत नवी हत्यारे येऊ लागली आहेत. एप्रिल २०२० पासून भारतात वाहनांच्या धुरासंबंधी अधिक कडक नियम लागू झाले. त्यामुळे बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी विजेच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी योजना आली. तिच्यातील बिघाड पाहण्यासाठी पाना उपयोगी पडत नाही. गाडीला जोडून दोषाचा आकडा वाचणारे स्कॅनर नावाचे यंत्र लागते. विजेवर चालणाऱ्या स्कूटरांसाठी विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर आणि विद्युत्‌रोधक मुठींची हत्यारे लागतात. नवशिक्याला उस्तादाच्याही पुढे जाण्याची संधी येथे मिळते. गावोगावी आता असे दिसते, की बोल्ट उस्ताद काढतो आणि स्कॅनरवरील आकड्याचा अर्थ चेला सांगतो.

खंडेनवमीला गॅरेज झाडून स्वच्छ करतात. सारी हत्यारे बाहेर काढून धुतात, पुसतात, पाटावर मांडतात आणि झेंडूची फुले वाहतात. उस्तादाच्या मोठ्या पेटीशेजारी चेल्याची कापडी गुंडाळीही उलगडून ठेवलेली असते. तिच्यात आठ-नऊ पाने असतात, दोन पकडी, तीन पेचकस, फिलर गेज आणि दहा गोट्यांचा लहान डबा. शिवलेल्या कप्प्यांपैकी चार-पाच अजून रिकामे आहेत. उस्तादाच्या पेटीच्या तळाशी व्हिटवर्थ मापाचे दोन काळे पाने पडून आहेत. वर्षातून एकदा कोणी म्हातारे गृहस्थ जुनी बुलेट ढकलत आणतात, त्या दिवशी ते बाहेर निघतात. त्यांतला पावइंची पाना उस्तादाने या वर्षी पुसून चेल्याच्या गुंडाळीत ठेवला आहे.